पोरांना हात कोणी लावायचा

११ मार्च १९४६, सोमवार

आसाराम गेला. आज पहाटे.

तिसरीची हजेरी घेताना त्याचं नाव आलं आणि मी सवयीनं हाक मारली. मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बाई, त्यो मेला." मी पुढचं नाव घेतलं. दुसरं काय करणार!

धनुर्वात. शनिवारी त्याचा जबडा बसला तेव्हाच मी ओळखलं होतं. नगरच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंगची दोन वर्षं काढली आहेत. तिसरं वर्ष बाबांच्या आजारपणात राहिलं ते राहिलंच. पण धनुर्वात ओळखायला दोन वर्षं पुरतात. त्याच्या बापाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता नगरला हलवा. तो म्हणाला, "बैल रानात हायेत. उद्या बघू."

उद्या म्हणजे काल. काल त्याच्या अंगाची कमान झाली होती.

१२ मार्च

झोप नाही. नीट लिहून काढते.

या वाडीत उन्हाळा लागला की नारू निघतो. सगळे बारवेचं पाणी पितात, पायऱ्या उतरून त्यातच उभे राहतात. वर्षभरानं पायाला फोड येतो, फुटतो, आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकावतो. हात-दीड हात लांब. ओढला की तुटतो, तुटला की पाय सडतो. म्हणून काडीला गुंडाळून रोज बोटभर काढायचा. महिना जातो.

हे काम लंकाबाई करते. न्हाव्याच्या घरातली विधवा, साठीची. मधल्या सुट्टीत शाळेच्या पडवीत येऊन बसते, पोरं एकेक करून पाय पुढे करतात. हेडमास्तरांनी — राधाकृष्ण मास्तरांनी — तिला मुभा दिली आहे. नाहीतर पोरं महिना महिना घरी बसतात आणि पट कोसळतो.

आसारामच्या घोट्याला नारू होता. गेल्या महिन्यातल्या शेवटच्या बुधवारी तिनं काडी गुंडाळली आणि जखमेवर गोवरीची राख थापली. वर कळकट चिंधी. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. शेणाच्या राखेतून धनुर्वात होतो हे हॉस्पिटलात पहिल्या महिन्यात शिकवतात.

१४ मार्च

स्कूल बोर्डाला अर्ज लिहिला. दोनदा खाडाखोड केली, तिसऱ्यांदा स्वच्छ लिहिला. — शाळेच्या पडवीत एक अशिक्षित बाई विद्यार्थ्यांच्या जखमांवर शेणाच्या राखेचे उपचार करते, त्यायोगे इयत्ता तिसरीचा एक विद्यार्थी दगावला, तरी अशा इसमांस विद्यार्थ्यांस हात लावण्यास मनाई व्हावी.

खाली सही. दीना फिलिप हिवाळे, सहशिक्षिका.

मास्तरांना दाखवला नाही. ते "थांबा, बघू" म्हणाले असते. तिसगावला चालत जाऊन स्वतः टपालात टाकला.

१७ मार्च, रविवार

तिसगावच्या चर्चमध्ये उपासनेला गेले. पाळकसाहेब काय बोलले, आठवत नाही.

२८ मार्च

हुकूम आला!

मास्तरांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. "नोंदलेल्या डॉक्टराखेरीज कोणाही इसमाने — शिक्षक, वैदू, सुईण अगर इतर — शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांस कोणत्याही प्रकारचा औषधोपचार करू नये. कसूर केल्यास संबंधितांवर योग्य ती कारवाई करण्यात येईल."

मास्तर थांबले. त्यांची नजर परत वरच्या ओळीवर गेली. "शिक्षक," म्हणाले. "पहिलं नाव आपलंच आहे, बाई."

उघड्या दारातून माझ्या खोलीतल्या लाकडी पेटीकडे त्यांनी पाहिलं. बोरिक, आयोडीन, खरजेचं मलम. हॉस्पिटल सोडताना मेट्रनबाईंनी भरून दिली होती. रोज सकाळी आठ-दहा पोरांचे डोळे धुते मी त्यातून.

"हे पण?" मी विचारलं.

"कोणत्याही प्रकारचा असं म्हटलंय."

त्यांना राग आलेला दिसला नाही. कागद घडी करून म्हणाले, "बोर्डाला हे एकाएकी कसं सुचलं असेल?"

मी पेटी बंद करायला गेले.

२९ मार्च

सकाळी पोरं रांगेत उभी. डोळे चिकटलेले. परत पाठवली. शेवटची पोरगी जाईना. तिला वाटलं माझी चेष्टा चालली आहे.

पेटी खाटेखाली सारली.

२ एप्रिल

लंकाबाई येत नाही. पाटलानं तिला चावडीवर बोलावून हुकूम वाचून दाखवला म्हणे. आता ती पोरांना घरीही हात लावत नाही. मोठ्यांचे नारू काढते, पोरांचे नाही.

आज पाच गैरहजर. पाचही नारूचे.

मला हेच हवं होतं ना!

६ एप्रिल

दुसरीतली केशर लंगडत आली. नऊ वर्षांची. वस्तीवरून अर्धा कोस चालत येते आणि कधी चुकवत नाही. पाढे असे म्हणते की पोरगे ओशाळतात. उजव्या घोट्याच्या वर फोड, फुटलेला. पांढरं टोक दिसतं आहे.

"बाई, लंकाआजी का येत न्हाई?"

तालुक्याला दवाखान्यात जा म्हटलं. तिचा बाप कारभारी न्यायला आला तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. तो मान हलवून गेला.

९ एप्रिल

कारभारी काल पोरीला गाडीत घालून दवाखान्यात जाऊन आला. डॉक्टर नाहीत. पटकीची टोचणी द्यायला गावोगाव फिरत आहेत. कंपाऊंडर म्हणाला आठ दिवसांनी या. त्यानं पट्टी बांधून दिली. स्वच्छ होती, ते मी पाहिलं.

गाडीचे हिसके, रस्ता खडकाळ. किडा आणखी बोटभर बाहेर आला आहे आणि पट्टीला चिकटून ताणला गेला आहे.

१२ एप्रिल, शुक्रवार

नारू तुटला. आई — रंगुबाई — पट्टी सोडायला गेली आणि तुकडा हातात आला.

शाळा सुटल्यावर वस्तीवर गेले. पाय गुडघ्यापर्यंत सुजला आहे. अंग तापलं आहे. केशर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मला पाहून म्हणाली, "परीक्षा कधी हाय बाई?"

मांडीच्या सांध्यात गाठ आली आहे. मला माहीत आहे पुढे काय. पाय वाचला तर गुडघा वाकडा. नाही वाचला तर —

बाहेर कारभारी म्हणाला, "नगरला न्हेतो. पन परवापर्यंत गाडी मिळायची न्हाई." परवापर्यंत थांबण्यासारखं नाही.

पू आत आहे. तो काढायला हवा. मी हॉस्पिटलात कापताना पाहिलं आहे, ताटली धरली आहे. स्वतः एकदाही कापलेलं नाही. आणि किड्याचं उरलेलं वेटोळं कुठं बसलं आहे ते बोटांनी ओळखता येणारं माणूस या वाडीत एकच आहे.

१३ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळची शाळा सुटल्यावर लंकाबाईच्या घरी गेले. अंगणात सूप घेऊन बाजरी पाखडत होती. उठली नाही, या म्हणाली नाही. मी उन्हात उभी.

म्हटलं, केशरचा नारू तुटला. पाय सुजलाय, ताप आहे.

"ठावं हाय. रंगुबाई यिऊन रडून गेली."

"मग?"

"मंग काय? सरकारनं मना केलंय. हात लावला तर मला ठाण्यावर न्हेत्याल."

मी म्हटलं, हुकूम शाळेच्या आवारापुरता आहे. तुमच्या घरी कोण विचारतंय?

"पोरगी शाळंचीच न्हवं?"

तिनं सूप खाली ठेवलं. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "अर्ज तुमीच केल्ता."

विचारलं नाही. सांगितलं.

तीच बोलली.

"पाटलानं चावडीत समदं सांगितलं. कुनीतरी बोर्डाला राखंचं कळवलंय म्हनला. मी राख लावली तवा पडवीत दुसरं मोठं मानूस न्हवतं. तुमीच दारात उभ्या हुत्या."

"हो," मी म्हटलं.

"राखंनं पोर मरतं, ह्ये तुमाला तवा ठावं हुतं?"

"हो."

"मंग तवाच का न्हाई सांगितलं, बाई? माझ्या सासूनं राख लावली. तिच्या सासूनं लावली. मला काय म्हाईत! तुमी शिकल्याल्या. नुसतं 'राख नको' म्हनला असता तर मी न्हसती लावली. माझं काय आडलं हुतं राखंवाचून?"

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

आता या पानाला तरी खरं सांगते. त्या बुधवारी का बोलले नाही? घंटा झाली होती. दुसरीचा पाढ्यांचा तास होता. मास्तरांनीच तिला बसवलं होतं, मी कोण मध्ये पडणार. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्याहून खरं हे की मला तिच्याशी बोलायचंच नव्हतं. हॉस्पिटलात शिकलेल्या बाईनं राख लावणाऱ्या म्हातारीशी काय बोलायचं, असं वाटलं. बोर्डाला लिहिणं सोपं होतं. आसाराम मेल्यावर!

"माझं चुकलं," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार.

तिनं सुपातली बाजरी टोपलीत ओतली. मग म्हणाली, "माझंबी. त्यो रोज डोळ्यांपुढं येतो." आणि उठली. "पोरीला हितं नका आनू. तुमच्या खोलीवर आना. चूल पेटवून ठिवा. आन् मी काय काय करायचं न्हाई, त्ये आदी सांगा. ह्या वक्ताला आदी सांगा!"

माझी खोली शाळेच्या आवारातच आहे. दोघींनाही माहीत होतं.

१४ एप्रिल, रविवार

उपासनेला गेले नाही.

कारभारीनं केशरला पाठुंगळी मारून आणलं. मी हंड्यात पाणी उकळत ठेवलं. लंकाबाईचा वस्तरा आत टाकायला मागितला तर देईना. "धार जाती उकळून!" म्हटलं, परत लावा आणि परत उकळू. तिनं पट्ट्यावर घासला, मी परत पाण्यात टाकला. असं दोनदा. तिनं हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, मी सांगितलं तितका वेळ. मधेच म्हणाली, "लगीन हाय का माजं?" रंगुबाई रडता रडता हसली.

तिनं बोटांनी चाचपलं. डोळे मिटून. घोट्यापासून वर, मग मागं. "हितं पू हाय. आन् ह्या अंगाला त्याचं वेटोळं. ह्येला धक्का न लावता कापायचं." मी आयोडीन लावलं, पाय धरला. तिनं कापलं. एकदाच, दोन बोटांएवढं. मी हॉस्पिटलात इतका सरळ हात कुणाचा पाहिला नाही.

पू वाटीभर निघाला. केशरनं आईचा पदर दातांत धरला होता. ओरडली नाही. लंकाबाईनं उकळलेल्या काडीला किड्याचं तुटकं टोक लावलं आणि एक वळसा दिला. एकच. मी बोरिकच्या पाण्यानं धुऊन पट्टी बांधली. माझ्या जुन्या पांढऱ्या साडीची.

राख नाही.

१५ एप्रिल

ताप आहे, कमी. एक वळसा.

१६ एप्रिल

ताप नाही! "बाई, बाराचा पाढा म्हनू का?"

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

रोज दुपारी कारभारी पोरीला आणतो, लंकाबाई येते. मी उकळते, ती गुंडाळते, मी बांधते. आम्ही फारसं बोलत नाही. आज आणखी दोघांना पडवीत बसलेलं पाहिलं. नारूचे. लंकाबाईनं माझ्याकडे बघितलं. मी आणखी पाणी ठेवलं.

राधाकृष्ण मास्तर दोनदा दारावरून गेले. दोन्ही वेळा आभाळाकडे बघत.

२३ एप्रिल

डॉक्टर टोचणीसाठी वाडीत आले. तरुण आहेत, डोळे झोप नसल्यासारखे लाल. रात्रंदिवस सायकलवर आहेत म्हणे. मी केशरला पुढे केलं. लपवण्यात काय अर्थ.

त्यांनी पट्टी सोडली. वास घेतला. काप पाहिला.

"कोणी केलं?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पिशवीतून सल्फाची पुडी काढून जखमेवर भुरभुरली, उरलेली मला दिली. मग बाजूला घेऊन म्हणाले, "काम चांगलं झालंय. पण म्हणून चूक नव्हती असं समजू नका. वस्तरा जरा आत गेला असता तर शीर होती तिथे. तुम्हा लोकांच्या हातून नऊ पोरं बरी होतात. कायदा दहाव्यासाठी असतो."

मी म्हटलं, दहावा आमचा मार्चमध्ये गेला. पण डॉक्टर, तुम्ही नऊ जणांसाठी कधी येणार?

ते चिडले नाहीत. "साठ गावं आहेत माझ्याकडे," म्हणाले. सायकलवर बसता बसता थांबले. "तिसरं वर्ष पुरं करा, बाई. मग मला तुमच्याशी भांडता तरी येईल."

२६ एप्रिल

वार्षिक परीक्षेला शाळा तपासणारे डिपोटीसाहेब आले. फेटा, काठी, बरोबर शिपाई. दुसरीची तोंडी घेताना केशर उठली, बाराचा पाढा म्हणाली, बसली. साहेबांचं लक्ष पट्टीवर गेलं. पट्टीतून काडीचं टोक दिसत होतं.

मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलावलं. मास्तर उभे, मी उभी.

"पट्टी कोणाची?"

"माझी."

"आणि ती काडी? काडीचं काम मास्तरणीचं दिसत नाही. मला फक्त एक नाव हवं आहे."

खिडकीतून पडवी दिसते. लंकाबाई तिथं बसली होती. साहेबांनी मान वळवली असती तर दिसली असती.

"माझंच लिहा," मी म्हटलं.

त्यांनी दप्तरातून एक कागद काढला. माझा अर्ज. तिसऱ्यांदा स्वच्छ लिहिलेला. "बाई, ही बंदी तुम्हीच मागितलीत. आणि महिन्याच्या आत तुम्हीच मोडलीत?"

"होय साहेब."

मास्तरांनी तो अर्ज पहिल्यांदाच पाहिला. माझ्याकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाले, "पडवी मी दिली होती. माझंही नाव लिहा."

साहेबांनी एकच लिहिलं.

२७ एप्रिल

मास्तर स्वतः खोलीवर आले. आत आले नाहीत, उंबऱ्यापाशी थांबले. "अर्ज मला दाखवला असता तर पाठवू दिला नसता. राख मात्र त्याच दिवशी बंद केली असती." मग — "तुम्ही एका शब्दानं बोलला असतात तर फेब्रुवारीतच केली असती."

हेच लंकाबाई म्हणाली. त्यांनाही मी तेच म्हटलं, माझं चुकलं.

११ मे

सुट्टी आहे तरी नगरला गेले नाही. आईला पत्र टाकलं.

केशरचा नारू आज पुरता निघाला. शेवटचा वळसा देता देता हलकाच बाहेर आला. लंकाबाईनं काडी चुलीत टाकली. केशर उठून चालली, पाय सरळ टेकवत, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. रंगुबाईनं लंकाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं, मग माझ्या. मी मागं सरले.

निघताना लंकाबाई म्हणाली, "त्या आसारामच्या आईकडं मी जाऊन आले. राखंचं सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"काय म्हननार! घरात घेतलं न्हाई."

१३ मे

आसारामच्या आईकडे मीही गेले. सगळं सांगितलं. मलाही घरात घेतलं नाही. दारातूनच म्हणाली, "तुमी दोगी आता यिऊन सांगता."

२४ मे

बदलीचा हुकूम. कोपरगाव तालुक्यात, १० जूनला हजर व्हायचं. कॅनॉलचं पाणी, उसाचे मळे, दारापर्यंत मोटार. लोक म्हणतील बक्षीसच मिळालं! शिवाय लेखी द्यायचं आहे की यापुढे विद्यार्थ्यांस औषधोपचार करणार नाही.

कागद पुढ्यात घेऊन बसले. अजून लिहिलेला नाही.

२६ मे, रविवार

तिसगावला उपासना. पाळकसाहेबांना विचारलं, हॉस्पिटलात तिसऱ्या वर्षाला परत घेतील का? म्हणाले, मेट्रनबाईंना विचारतो.

पेटी राधाकृष्ण मास्तरांच्या स्वाधीन करावी म्हटलं, तर मास्तर म्हणाले, "माझ्या नावावर नको. लंकाबाईकडे द्या." लंकाबाईला प्रत्येक बाटली दाखवली. ती वाचू शकत नाही. आयोडीनच्या बाटलीला तांबडा दोरा बांधला, बोरिकच्या डब्याला पांढरा.

१ जून, शनिवार

डाव्या पोटरीला परवापासून आग होत होती. आज फोड फुटला. पाणी ओतलं. पांढरं टोक बाहेर आलं.

गेल्या जूनमध्ये इथं आले तेव्हा पहिले काही दिवस पाणी गाळायचं सुचलं नव्हतं. वर्ष बरोबर भरलं.

लंकाबाई आली. निरखून पाहिलं. "एकवीस दीस. कुटं जायचं न्हाई." १० जून तर गेलीच!

मास्तर दारात उभे. "बाई, आणि मनाईचा हुकूम?"

म्हटलं, हुकूम विद्यार्थ्यांपुरता आहे, मास्तर.

पाय पुढे केला.